परबकाकांचं मत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून एकदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं, पण ती म्हणाली, पाणी दे गं, आणि मी पाणी दिलं. तेवढ्यावरच राहिलं. तुला सांगतेय कारण तू आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाहीस. बहुतेक आमच्या विक्रोळीतही नसशील. असलंच कुणी ओळखीचं, तर वाचून झाल्यावर मला रस्त्यात थांबवू नकोस. एवढं कर.

गोष्ट एका मताची आहे. हसू येतंय? एका मताने काय होतं, असं सगळेच म्हणतात ना? त्या दिवशी आमच्या अर्ध्या बिल्डिंगनेही तेच म्हटलं. सुट्टी जोडून आली होती. कुणी अलिबागला गेलं, कुणी माहेरी, कुणी घरातच पाय पसरून टीव्ही बघत बसलं. मी मात्र गेले. आणि एकदा नाही, दोनदा बटण दाबलं मी. एकदा माझं. आणि एकदा —

थांब. आधी बाकीचं सांगते. नाहीतर तुला वाटेल मी कुणी मोठी पोचलेली बाई आहे. तसं काही नाही. मी भित्री आहे. दाराची बेल वाजली तरी मी आधी आतून कडी तपासते आणि मग विचारते, कोण?

आम्ही तळमजल्यावर राहतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी होती. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी आम्ही ती खिडकी तोडून दार काढलं, त्याला शटर बसवलं, आणि मी मशीन टाकलं. फॉल-पिको, ब्लाउज, पँट आखूड करणं, पडद्यांना दुमड घालणं. नवरा पवईला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टची देखभाल करतो. त्याच्या पगारात घर चालायचं, पण मुलीची शाळा माझ्या मशीनवर चालायची. ते दार बेकायदा आहे. आमच्या लायनीत अशी बरीच दारं आहेत आणि ती बेकायदा आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. चालतंय तोवर चालतंय, असं आम्ही म्हणतो. ते चालू ठेवणं कुणाच्या हातात आहे, तेही सगळ्यांना माहीत आहे.

वैशालीताईच्या. निदान मला तसं वाटायचं. आमच्याकडे ज्या पक्षाचा जोर आहे त्या पक्षाच्या बायकांचं काम ती बघते. वाईट बाई नाही हां. माझ्या मुलीचं शाळेचं अ‍ॅडमिशन तिच्याच चिठ्ठीवर झालं. हळदीकुंकू असलं की मला आठवणीने बोलावणार, ब्लाउज माझ्याकडेच शिवणार. आवाज एकदम मऊ. मी तिला कधी कुणावर ओरडताना पाहिलेलं नाही. तरी ती दुकानात आली की माझा पाय पायडलवर नीट पडायचा नाही.

त्या महापालिकेच्या निवडणुकीला सुजाता उभी राहिली. अपक्ष. तिची निशाणी होती कपबशी. सुजाता म्हणजे आमच्याच भागातली, हायवेच्या पलीकडच्या चाळीत राहणारी. दवाखान्यात नर्स होती. आमच्या बिल्डिंगींच्या मधलं मैदान पार्किंगला द्यायचं घाटत होतं, तेव्हा ती पोरं घेऊन मैदानात बसून राहिली होती. ते पार्किंग थांबलं. त्यामुळे ती घरोघरी आली की सगळे तिला चहा पाजायचे आणि म्हणायचे, ताई, आमचं मत तुलाच. मीही म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं गं, खोटं नव्हतं ते. तेव्हा तरी नव्हतं.

पण हे सगळं दार ढकलून, आतल्या आत. उघड्यावर बोलणारा एकच माणूस होता. परबकाका.

परबकाका आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, मुलगा-सुनेजवळ राहायचे. मूळचे कुडाळकडचे. इथल्याच एका कारखान्यात सगळी नोकरी झाली, युनियनमध्ये होते, आवाज असा की खालून हाक मारली तर गच्चीत ऐकू जाईल. काचबिंदूने डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. सुजाता संध्याकाळी ड्युटीवरून येताना त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि पेपर वाचून दाखवायची. सख्खी मुलगी करणार नाही इतकं तिने त्यांचं केलं. म्हणून मग बिल्डिंगखालच्या बाकावर बसून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "माझा मत सुजाताक! कोणाक जावन सांगूचा आसात तर सांगा!"

लोक हसायचे. मी शटरच्या आडून ऐकायचे आणि मला भीती वाटायची. त्यांच्यासाठी नाही. खरं सांगते आहे तर पूर्ण सांगते, मला भीती माझ्यासाठी वाटायची. कारण त्यांचा बाक माझ्या दुकानाच्या अगदी समोर होता. वाटायचं, रस्त्यावरून जाणारा माणूस म्हणेल, हे सगळं हिच्याच दुकानापाशी चालतं.

त्यातच मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची टपरी उचलली गेली. त्याने सुजाताची पत्रकं टपरीवर ठेवली होती. त्यामुळे उचलली का? मला माहीत नाही. टपरी बेकायदा होती, सकाळी गाडी आली, घेऊन गेली. अशी गाडी वर्षातून एक-दोनदा यायचीच. पण त्या दिवशी मी शटर अर्धं खाली ओढून काम केलं, भर दुपारी लाइट लावून.

मतदानाच्या दोन दिवस आधी वैशालीताई आली. ब्लाउज न्यायला आली होती. फिटिंग बघितलं, छान झालंय म्हणाली. मग सहज म्हणाली, "शुभा, परबकाकांना बूथवर तू नेणार आहेस ना?"

काकांचा मुलगा, सून आणि नातवंडं सुट्टीला म्हणून सुनेच्या माहेरी चारकोपला निघाली होती. काकांनी मला विचारलं होतं, नेशील का गो? आणि मी हो म्हटलं होतं. हे तिला कसं कळलं? मी मान हलवली.

ती म्हणाली, "आंधळ्या माणसाचं बटण सोबतच्यालाच दाबावं लागतं. म्हणजे ते मत तुझ्या हातात आहे. वाया जाऊ देऊ नकोस हं." आणि मग पिशवी उचलता उचलता, "मोजणीला आम्ही असतोच गं. मतांचं एकेक मशीन उघडतात. तुमच्या बूथच्या मशीनवर कुणाला किती, ते आमची पोरं लिहूनच घेतात."

बस. एवढंच. तिने मला धमकी दिली का? नाही. दाराचं नाव काढलं का? नाही. जाताना तिने शटरकडे बघितलं. की मलाच तसं वाटलं? तेव्हापासून किती वेळा मी तो क्षण आठवून बघितलाय. कधी ती बघते, कधी बघत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिन्यात उभे. दाढी स्वतःच केली होती, हनुवटीखाली थोडी राहून गेली होती. आम्ही शाळेत गेलो. बूथ रिकामाच होता. बाहेर टेबलं टाकून बसलेली पोरं पंख्याशिवाय कंटाळली होती. वैशालीताई त्यांच्या मागे उभी होती. तिने लांबूनच हात केला. मीही केला.

आत आधी माझं मत झालं. ते मी वैशालीताईच्या माणसाला दिलं, सगळ्यात वरचं बटण. सुजाताला शब्द दिला होता तरी. पण ते जाऊ दे. माझं मत माझं होतं. भिऊन दिलं तरी माझंच होतं.

मग काकांची पाळी. तिथल्या साहेबांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. या मतदाराच्या सांगण्याप्रमाणेच मत देईन आणि ते कुणाला सांगणार नाही, असं काहीतरी त्यावर होतं. मी सही केली. आम्ही दोघं त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. काकांनी माझ्या कानाजवळ तोंड आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं.

"कपबशी, हां."

मला कपबशी दिसत होती. शेवटून दुसरी. काळ्या रंगात छापलेली, कान तुटल्यासारखी दिसणारी. मी तिच्याकडे बघत होते. आणि माझ्या डोक्यात एकच — लिहून घेतात. पोरं लिहून घेतात. आमच्या मशीनवर कपबशीला जी पडतील त्यात एक काकांचं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मग ती म्हणेल, शुभा, ते तर तुझ्या हातात होतं ना?

बाहेरून साहेब म्हणाले, "झालं का हो?"

मी वरचं बटण दाबलं.

मशीन वाजलं. लांब शिट्टीसारखं. काकांच्या चेहऱ्यावर — कसं सांगू तुला? — लहान मुलाचा पहिला नंबर आल्यावर जसं होतं ना, तसं झालं. "वाजला," म्हणाले. "दाबलंस मां गो बरोबर?"

"दाबलं, काका."

परतताना पूर्ण रस्ताभर ते बोलत होते. युनियनच्या निवडणुकीत त्यांनी एकदा कसं कुणाला पाडलं होतं ते. मी हूं हूं करत होते. मला एवढंच वाटत होतं की सुटले. एकदाची सुटले. तू म्हणशील, वाईट नाही वाटलं? नाही. तेव्हा नाही वाटलं. भीती गेली की भित्र्या माणसाला फक्त हलकं वाटतं.

मला वाटलेलं, सुजाताला आमच्या बूथवर वीस-पंचवीस मतं तरी पडतीलच. एवढ्या लोकांनी चहा पाजला होता. त्यात काकांचं एक नसलं तर कोण शोधणार आहे?

मोजणी झाली. सुजाता पडणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, ती पडली. इतर ठिकाणी तिला बरी मतं होती. पण तिचा भाऊ मोजणीला बसला होता, त्याने आकडे लिहून आणले होते. आमच्या बूथच्या मशीनवर कपबशीला शून्य.

शून्य. समजतंय का तुला? एकही नाही. ज्यांनी ज्यांनी चहा पाजला होता, त्या प्रत्येकाने एकतर तिकडे दाबलं होतं किंवा घरी झोपा काढल्या होत्या. माझ्यासारखेच सगळे. पण ती गोष्ट दारामागची होती. उघड्यावर, बाकावर बसून, ओरडून सांगणारा एकच होता. आणि आता शून्य म्हणजे तो खोटा.

संध्याकाळपर्यंत हे बिल्डिंगभर झालं. ज्यांनी स्वतः शब्द मोडला होता तेच जास्त हसत होते. म्हातारा तयारीचा निघाला, म्हणाले. तोंडाने कपबशी आणि हाताने भलतंच. कुणी म्हणालं, पाकीट मिळालं असेल. पोरांनी तर काकांना बघून "कपबशी, कपबशी" ओरडायला सुरुवात केली.

काका माझ्या दुकानात आले. भिंतीला हात लावत लावत. मी मशीन थांबवलं.

"सगळ्यांनी थापा मारल्यानी म्हणान सोड," ते म्हणाले. "पण माझा एक तरी होया मां? ता खय गेला?"

मी दाताने दोरा तोडला.

"मशीनीत घोळ आसा. मी हापिसात जावन लिवन देतंय. तू होतंस मां माझ्यावांगडा? तू साक्ष दी. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस तू."

काका, मला आज बरं नाही, एवढंच बोलले. ते म्हणाले, बरा वाटला की जावया. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी म्हटलं, अर्जंट ऑर्डर आहे. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे न येता मुलाला घेऊन निवडणुकीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं म्हणे, आणि सांगितलं, तुमच्या सोबत आत जी बाई होती तिला घेऊन या, तिला लिहून द्यावं लागेल.

तेव्हा मी म्हटलं, "काका, माझ्या नवऱ्याला नाही चालणार."

नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजही नाही. बिचाऱ्याच्या नावावर मी ते ढकललं, आणि काका काय म्हणाले माहितीये? "तसा आसात तर नको गो. घरात भांडणा नकोत."

ते पुढचे काही आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आपल्याला बोलावणं येणार, शपथ घालणार, त्या कागदावरची माझी सही समोर धरणार. खोटं मत दिलं म्हणून आत टाकतात का? कुणाला विचारणार होते मी? एकदा दुपारी एक माणूस बगलेत फाइल घेऊन दुकानासमोर येऊन उभा राहिला. वर बघितलं, खाली बघितलं, काहीतरी लिहिलं. मी मशीनवरून उठले ती सरळ आत जाऊन मोरीत उभी राहिले, कडी लावून. मुलगी बाहेरून दार वाजवत होती, आई, आई, लाइटच्या मीटरवाले काका आलेत. मी तरी बराच वेळ बाहेर आले नाही.

पण हे सगळं सांगून मी अजून मूळ गोष्टीपाशी आलेच नाहीये. तुला वाटत असेल, बटण दाबलं तोच गुन्हा. मलाही खूप वर्षं तसंच धरून चालायचं होतं. बटणापुरतं मी भीतीचं नाव सांगू शकते. डोकं चाललं नाही म्हणू शकते. त्यानंतरचं जे आहे ना —

सुजाता आली. एका रविवारी सकाळी. पडल्यावर तीही थोडी उतरली होती. हातात साडी होती, फॉल लावायला म्हणून. मला लगेच कळलं की साडी हे निमित्त आहे. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, एक विचारू? खरं सांगशील?"

मी सुईत दोरा ओवत होते. ओवला जात नव्हता.

"काकांनी आत तुला कुठलं दाबायला सांगितलं होतं? मला राग नाही येणार गं. म्हातारं माणूस, कुणी घाबरवलं असेल. फक्त मला कळू दे. इतकं बोलत होते ना ते, मला वाटायचं निदान एक तरी मत —" आणि तिचा आवाज फुटला.

बघ, दुकानात आम्ही दोघीच होतो. शटरबाहेर कुणी नव्हतं. वैशालीताईचा माणूस निवडून आला होता, तिचं माझ्याकडे कामही उरलं नव्हतं. मी म्हणू शकले असते, सुजाता, काकांनी कपबशीच सांगितली होती. मी दाबली नाही. दोन वाक्यं. सुजाता कुणाला सांगणारीही नव्हती. मला वाटतं तिने मला माफसुद्धा केलं असतं.

मी म्हटलं, "अगं, मी सही करून दिलीये. कुणाला सांगायचं नाही म्हणून."

त्या कागदावर दोन गोष्टी होत्या, आठवतंय ना? त्यातली ही एक मी अगदी प्रामाणिकपणे पाळली.

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय केलं? मान खाली घातली, साडीची घडी उलगडली, आणि हळूच म्हटलं, "तू मनाला लावून घेऊ नकोस. वय झालंय त्यांचं."

वय झालंय त्यांचं. हे माझं वाक्य. कुणी माझ्याकडून बोलवून घेतलं नाही, कुणी बाहेर उभं राहून लिहून घेत नव्हतं. माझं मीच बोलले. सुजाताने डोळे पुसले, हो गं म्हणाली, आणि निघून गेली. साडी न्यायला तिने भावाला पाठवलं.

त्यानंतर ती काकांकडे आली नाही. भांडली नाही, बोलली नाही, नुसती यायची थांबली. डोळ्यांतले थेंब सून घालायला लागली, पण स्वतःच्या सवडीने. पेपर वाचायला कुणी नाही. संध्याकाळ झाली की काका बाकावर बसून रस्त्याच्या बाजूला कान लावायचे. कुणाची चप्पल वाजली की विचारायचे, सुजाता काय गो? मी समोरच असायचे. माझ्या मशीनचा आवाज त्यांना जात असणार. मी नसल्यासारखी बसायचे. काही दिवसांनी त्यांनी विचारायचं सोडलं. मग बाकावर बसायचंही सोडलं.

मुलगाही कातावला होता. ऑफिसात जाऊन हसं करून घेतलं, म्हणायचा. वर भांडणं व्हायची ती खाली ऐकू यायची. काकांचा तो आवाज मात्र ऐकू यायचा नाही. शेवटी त्यांनी गावी भावाकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी मुलगा रिक्षात सामान ठेवत होता आणि काका दुकानात आले. गावच्या फणसाचे गरे पाठवीन म्हणाले. मुलीला अभ्यास कर म्हणून सांग म्हणाले. मग दारातून परत वळले. माझ्या बाजूला चेहरा करून, पण थोडा बाजूला, आंधळ्या माणसाचा असतो तसा. आणि म्हणाले,

"तुका काय सांगूचा आसा काय गो माका?"

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही. कदाचित गावी कुणाला निरोप द्यायचाय का, एवढंच विचारत असतील. माझी आई त्यांच्याच बाजूची. तसंही असेल. मी म्हटलं, "नाही, काका. सांभाळून जा."

"बरा," म्हणाले ते. आणि मुलाचा हात धरून गेले. ते अजून आहेत. गावी. त्यांच्या मुलाच्या फोनवर कधीमधी त्यांचा फोटो दिसतो. नंबर मिळू शकतो. मी मागितलेला नाही.

एक गोष्ट मला खूप उशिरा सुचली. काकांचं ते एक मत कपबशीला पडलं असतं, तर मला कुणी काही विचारलंच नसतं. सगळ्यांनाच माहीत होतं ते कुणाला देणार आहेत. एक मत, परबकाकांचं, झालं. वैशालीताईसुद्धा हसून म्हणाली असती, म्हातारा ऐकायचा नाही. म्हणजे ज्याला भिऊन मी ते केलं, ते होणारच नव्हतं. आणि माझं दार? ते आहे तसंच आहे. मध्ये एकदा नोटीस आली, ती पूर्ण लायनीला आली. मत दिलेल्यांना, न दिलेल्यांना, सगळ्यांना सारखी.

त्यानंतर कितीतरी वर्षं महापालिकेची निवडणूक झालीच नाही. मला बरं वाटायचं. मग शेवटी ती लागली. सुजाता उभी राहिली नाही. मी तिला रस्त्यात कुणी विचारताना ऐकलं होतं. ती म्हणाली, नको रे बाबा, आपल्या लोकांचं काय खरं नसतं. माझ्याकडे बघून ती हसली. ती अजून माझ्याशी चांगली वागते.

यावेळी तिसऱ्या मजल्यावरच्या गावडेआजी माझ्याकडे आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतात. त्यांचंही कुणी घरात नव्हतं, सुट्टीला गेलं होतं. म्हणाल्या, "शुभा, मला घेऊन चल. त्या काकांना नेलं होतंस ना तू?" आणि मग शटरच्या आत येऊन, माझा दंड धरून त्यांनी कानात सांगितलं कुणाला द्यायचं ते. वैशालीताईच्या माणसाचं नाव नव्हतं ते.

मी बघितलं, रस्त्यापलीकडे वैशालीताई उभी होती. केस पांढरे झालेत तिचे. आमच्याकडे बघत होती की बसची वाट बघत होती, देव जाणे.

मी म्हटलं, "आजी, माझी कंबर धरलीये हो. उभं राहवत नाही."

मला काहीही झालेलं नव्हतं.

वैशालीताई रस्ता ओलांडून आली. काय झालं आजी, चला, मी नेते की तुम्हाला, म्हणाली आणि त्यांचा हात धरला. आजींनी एकदा माझ्याकडे वळून बघितलं, म्हणजे माझ्या बाजूला. मी खाली बघून बॉबिन बदलत होते. दोघी गेल्या.

तासाभराने आजी परत आल्या. शाईचं बोट पुढे धरून, खूश होत्या. दुकानासमोर थांबल्या आणि विचारलं,

"तिने मी सांगितलं तेच दाबलं असेल ना गं?"

मी म्हटलं, "हो, आजी. तेच दाबलं असेल."